मथुरावहिनींचं गॅरेज

१९८३ च्या जूनमध्ये मी रत्नागिरीला नोकरीवर हजर झाले. मुलींच्या शाळेत गणित आणि शास्त्र शिकवायचं होतं. मी मूळची कऱ्हाडची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तोही मुलाखतीला आले तेव्हा. राहायला खोली हवी होती. शाळेच्या शिपायाने सांगितलं, मिरकरवाडा बंदरावरून जी पायऱ्यांची पाखाडी वर चढते तिच्या टोकाला विलणकरांकडे पुढची खोली रिकामी आहे. माणसं चांगली आहेत, फक्त घराला डिझेलचा वास येतो.

मी गेले तेव्हा ओटीवर कुणी नव्हतं. घराच्या उजव्या अंगाला चिऱ्यांचं एक बसकं बांधकाम होतं, वर मंगलोरी कौलं, पुढे दोन फळ्यांचं रुंद दार. आतून कर्र, कर्र असा आवाज येत होता. डोकावून पाहिलं तर पस्तिशीची एक बाई पदर कमरेला खोचून एका लोखंडी दांडीला हिसके देत होती. शेजारी काळा चष्मा लावलेला माणूस खुर्चीत बसून, मान कलती करून ऐकत होता.

"अजून नाय बोलत तो," तो म्हणाला. "पुन्हा घास."

बाईने दांडी सोडली, यंत्रातून बोटभर लांबीचा एक तुकडा काढला, त्याला कसलासा लेप लावला आणि तो काचेवर घासायला बसली. मी दारात उभी आहे हे आधी त्या माणसाला कळलं. चपला नव्या आहेत, म्हणाला, गावातल्या नाहीत.

आत्माराम विलणकर जहाजावर फिटर होते. एकोणऐंशी साली इंजिनरूममध्ये तेलाची नळी फुटली आणि उकळतं तेल तोंडावर उडालं. जीव वाचला, डोळे गेले. घरी परतले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. त्याआधी, चांगले दिवस असताना, मोटार घ्यायची म्हणून त्यांनी हे गॅरेज बांधून घेतलं होतं. मोटार कधी आली नाही, पण नाव राहिलं. वर्षभर ते कुणाशी बोललेच नाहीत. मग एक दिवस खालच्या बंदरातल्या कुठल्याशा ट्रॉलरचं इंजिन ऐकून म्हणाले, ह्याचं तिसरं नोझल गेलंय. मथुरावहिनी खाली गेल्या आणि त्यांनी बोट चालवणाऱ्या तांडेलाला तसं सांगितलं. त्याने हसत उघडून पाहिलं, तर तिसरंच होतं.

तिथून धंदा सुरू झाला. डिझेल इंजिनात तेलाचा फवारा मारणारं नोझल चांगलं असलं की ते चाचणीच्या यंत्रावर कर्र असा आवाज करतं. गेलेलं असलं की गप्प तरी बसतं, नाही तर नुसतं शिंकतं. ऐकायला डोळे लागत नाहीत. हात मात्र लागतात, आणि ते वहिनींचे होते. सातवीपर्यंत शिकलेल्या, मासळीच्या वाट्यावर वाढलेल्या ह्या बाईने दोन वर्षांत इंजिनाला तेल पुरवणारा पंप खोलायचा, धुवायचा, जोडायचा कसा ते नवऱ्याच्या तोंडून ऐकून आत्मसात केलं. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, ट्रॉलर किनाऱ्याला असतात. तेव्हा नाखवे आपापल्या इंजिनाचे पंप काढून पाखाडी चढून येत आणि वहिनींच्या स्वाधीन करत. नारळी पौर्णिमेला बोटी दर्यावर जायच्या, त्याआधी सगळे पंप तयार हवेत. जून ते ऑगस्ट गॅरेजच्या फळ्यांवर तीसेक पंप असत. एकेका पंपाच्या मागे एकेक घर होतं, हे वहिनी कधी विसरत नसत.

मी राहू लागले आणि डिझेलचा वास आठवड्यात सवयीचा झाला.

पुढच्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. एके सकाळी वहिनी गॅरेज उघडायला गेल्या तर कोयंडा उपटून बाजूला पडलेला. चार पंप आणि नोझलांची एक पेटी गेली होती. वहिनी आत गेल्या. मग फळीवरच्या रिकाम्या जागा त्यांनी फडक्याने पुसल्या. का पुसल्या, त्यांनाही सांगता आलं नसतं.

पोलिसांनी पंचनामा केला. गेलेल्या चारांतला एक पंप आप्पा नाखव्यांचा होता. आप्पा वयाने आणि मानाने मोठे. ते आले, ओटीवर बसले नाहीत, उभ्यानेच म्हणाले, "आंधळ्याच्या घरात ठेवलेली वस्तू म्हणजे वाटेवर ठेवलेली वस्तू."

आत्मारामभाऊ तिथेच बसले होते. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

वहिनींनी भंगारवाल्यांकडून मोडीत निघालेले पंप गोळा करून आणले. एकाचं अंग, दुसऱ्याचा दट्ट्या, तिसऱ्याच्या स्प्रिंगा असं करत त्यांनी सतरा दिवसांत चार पंप उभे केले. मी शाळेतून येई तेव्हा त्या कामात असत, मी तपासायच्या वह्या संपवून दिवा मालवी तेव्हाही कामातच असत. महिना संपायच्या आत चौघांना चार चालते पंप मिळाले. आप्पांनी आपला उचलला, आणि बोटीचं बाकीचं काम मात्र दुसऱ्या मेस्त्रीकडे नेलं.

त्यानंतर बाळा आला. बाळा म्हणजे भाऊंचा धाकटा भाऊ, पाखाडीवर खालच्या अंगाला तिसऱ्या घरात राहणारा, वायरमनचं काम करणारा. अंगापिंडाने मजबूत आणि रागाला जवळचा. भावाचा अपमान त्याला झोंबला होता. त्याने स्वयंपाकघरातून एक वायर गॅरेजच्या लोखंडी कोयंड्यापर्यंत नेली. रात्री बटण लावायचं, सकाळी बंद करायचं. हात लावील तो जागेवर पडेल, म्हणाला. मला ते ऐकूनच कसंतरी झालं, पण मी भाडेकरू. खरं सांगायचं तर मनातून मलाही वाटत होतं, पडला तर पडला.

वहिनी हो म्हणाल्या. पुढे त्यांनी हे कधी लपवलं नाही. त्या वेळी डोक्यात आगच होती, म्हणायच्या.

ओटीपासून गॅरेजच्या दारापर्यंत होडीवरची नायलॉनची दोरी बांधलेली होती. भाऊ तिला धरून एकटे ये-जा करत. सकाळी उठलं की चहाच्या आधी गॅरेजमध्ये जाऊन बसायची त्यांची रीत. जुलैत एका पहाटे वीज गेलेली होती. दिवा नाही म्हणताना वहिनी बटण बंद करायला विसरल्या आणि पाण्याला गेल्या. साडेसहाला वीज आली. शेजारच्या चिमाकाकीची शेळी पावसाला चुकवत गॅरेजच्या वळचणीला, दाराला अंग लावून उभी होती. ती एकदाच ओरडली.

मी खिडकीतून पाहिलं तेव्हा शेळी दारापाशी आडवी होती आणि आत्मारामभाऊ दोरी धरून मध्येच थबकले होते. "काय झालं? काय पडलं?" विचारत होते. वहिनी घागर टाकून धावल्या, आधी आत जाऊन बटण बंद केलं, मग नवऱ्याचा हात धरून त्यांना मागे आणलं. नंतर त्यांनी भाऊ जिथे थांबले होते तिथपासून दारापर्यंत चालून पाहिलं. नऊ पावलं.

त्यांनी विळीने वायर कापली, गुंडाळली आणि बाळाच्या घरी नेऊन दिली. तो वाद घालायला लागला. त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्या वायरीला चोर आणि घरधनी ओळखता येत नाय." मग चिमाकाकीकडे गेल्या, शेळी आमच्यामुळे मेली असं स्पष्ट सांगितलं, आणि येत्या बाजाराला दुसरी आणून देते म्हणाल्या. तशी आणूनही दिली.

त्याच दुपारी त्या मला म्हणाल्या, बाई, माझ्याबरोबर चौकीवर चला, तुम्हांला बोलता येतं. पण बोलल्या त्याच. फौजदारांच्या टेबलापुढे उभं राहून त्यांनी विचारलं, "साहेब, चोर आला तर मला किती मारता येईल?"

फौजदार आधी हसले. मग ह्या बाई चेष्टा करत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी खुर्ची दिली. वायरीची हकिगत वहिनींनी आपणहून सांगितली. ती ऐकून त्यांचा चेहरा बदलला. माणूस गेला असता तर मी तुम्हांलाच बेड्या घातल्या असत्या, म्हणाले, मग तो चोर असो की पोस्टमन. सापळ्याला डोकं नसतं.

"आणि समोर आला तर?"

"अंगावर आला, तुमच्या नाही तर घरच्यांच्या, तर हात उचलायचा तुम्हांला हक्क आहे. कायद्याने दिलेला आहे. पण लागेल तेवढाच. तो थांबला की तुम्हीही थांबायचं. पळाला तर पळू द्या, पाठीत मारू नका. धरला तर आमच्या ताब्यात द्या. त्यापुढे जे काही कराल ते स्वतःचा बचाव नसतं, तो सूड झाला."

परतताना वहिनी पाखाडी चढल्या. वर आल्यावर म्हणाल्या, लागेल तेवढाच म्हणजे किती ते त्या वेळी कसं कळणार हो बाई?

मग त्यांनी गॅरेजचं काम हातात घेतलं. कोयंड्याचे खिळे काढून आरपार बोल्ट घातले, त्यांचे नट आतल्या बाजूने. खिडकीला गज बसवले. दाराबाहेर दोन आकडे ठोकून त्यात लोखंडी अडसर टाकला आणि अडसराला कुलूप. शेवटी, सगळ्यात शहाणपणाचं काम म्हणजे फळीवरच्या एकूण एक पंपावर, खालच्या बाजूला सहज दिसणार नाही अशा जागी, पंच ठोकून त्या त्या बोटीचा नंबर उमटवला. भाऊ बोटाने चाचपून तपासत. एकावर आकडा उलटा पडला होता, तो त्यांनीच पकडला.

नारळी पौर्णिमेच्या आधीचा रविवार. गॅरेज गच्च भरलेलं, बहुतेक पंप तयार, आठवड्यात जायचे. दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस असा लागला की कौलांवरच्या आवाजात शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. आख्खी पाखाडी दारं लावून बसली होती. मी वह्या तपासत होते, वहिनी तांदूळ निवडत होत्या, भाऊ झोपाळ्यावर होते. त्यांनी झोपाळा पायाने थांबवला.

"अगो, करवत चालत्येय."

वहिनी म्हणाल्या, पाऊस आहे हो. त्यांनी मान हलवली. लोखंडावर करवत आहे, म्हणाले, आपल्या कुलपावर. जरा थांबले आणि म्हणाले, तुटलं.

वहिनींनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. मीही मागून पाहिलं. अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला, दार वितभर उघडं, आणि बघता बघता ते कुणीतरी आतून ओढून घेतलं. पाखाडीवर थोडं खाली, हातगाडीपाशी डोक्यावर पोतं घेतलेला दुसरा एक जण उभा होता.

वहिनींनी मला हळू आवाजात सांगितलं, मागच्या दाराने जा आणि गडग्यावरून बाळा भावोजींना हाक मारा. भाऊंना सांगितलं, जागचे हलू नका. कोनाड्यातून त्यांनी सगळ्यात मोठा पाना घेतला, हातभर लांबीचा, आणि अनवाणी बाहेर पडल्या. त्यांनी अडसर उचलला तो मी पाहिला. चिखलातून त्या अशा गेल्या की पाऊल वाजलं नाही. अडसर आकड्यांत बसला तेव्हा मात्र खणकन आवाज झाला, आणि आतला माणूस दारावर आदळला.

हातगाडीवाला पळाला. गाडी तिथेच टाकून, पायऱ्यांवरून घसरत. वहिनींनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

मी गडग्याच्या दगडी भिंतीवरून बाळाला हाका मारत होते. दोन हाका पावसात गेल्या, तिसरी पोचली. वळून पाहते तो गॅरेजच्या छपरावरची कौलं उडत होती. आतल्या माणसाने फळीवर चढून रिपा मोडल्या होत्या. त्याचं डोकं वर आलं, मग खांदे, आणि तो ओल्या कौलांवरून घसरत ओटीच्या बाजूला खाली पडला. उठला तेव्हा त्याच्या हातात पहार होती, आमच्याच गॅरेजमधली.

घर आणि गॅरेज ह्यांच्यामध्ये बोळ आहे, एक माणूस जाईल एवढा, आणि पळायची वाट त्यातूनच. त्या बोळात दोरी धरून आत्मारामभाऊ उभे होते. जागचे हलू नका म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. बायको बाहेर एकटी आहे म्हणताना त्यांना बसवलं नाही.

"बाजूला हो," तो ओरडला आणि त्याने पहार उगारली. भाऊंनी आवाजाच्या दिशेने तोंड केलं. ते बाजूला होणार नव्हते, आणि कुठल्या बाजूला व्हायचं हे त्यांना कळणारही नव्हतं.

वहिनी त्याच्या उजव्या अंगाला होत्या. त्यांनी पाना दोन्ही हातांनी धरला आणि त्याच्या मनगटाच्या वर मारला. पावसातही तो आवाज मला ऐकू आला. पहार खाली पडली. तो गुडघ्यांवर बसला आणि हात पोटाशी धरून विव्हळायला लागला.

वहिनींचा पाना पुन्हा वर गेला होता. चार पंप, सतरा दिवसांचं काम, आप्पांचं ते वाक्य, आणि आत्ता नवऱ्याच्या डोक्यावर उगारलेली पहार. मी त्यांच्या जागी असते तर मारलंच असतं. किती वेळ तो पाना वर होता कोण जाणे. मला तरी पुष्कळ वाटला. मग तो खाली आला, रिकामा, त्यांच्या मांडीशी. त्यांनी पायाने पहार लांब ढकलली आणि म्हणाल्या, "अहो, तुम्हांला लागलं नाय ना?" भाऊ नाही म्हणाले.

तोवर पाखाडी जागी झाली होती. बाळा कोयता घेऊन धावत येत होता, मागे दहा-पंधरा माणसं, कुणाच्या हातात वल्हं, कुणाच्या हातात काठी. वहिनींनी त्या माणसाचा चांगला हात धरला, त्याला उठवलं, दार उघडून गॅरेजमध्ये ढकललं आणि अडसर पुन्हा टाकला. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

बाळा म्हणाला, "वहिनी, सरा."

"नाय सरत."

"त्याने दादावर हात उचललान."

"मी बघितलं. मी मारलं त्याला. झालं ते."

मागची माणसं ओरडत होती, बाहेर काढा, हातपाय मोडून टाकतो. गेल्या दोन वर्षांत ह्या पाखाडीवरून कुणाची जाळी गेली होती, कुणाची भांडी. सगळ्यांचा राग तिथे जमला होता, आणि तो खोटा नव्हता. वहिनींनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ह्या दाराच्या आत जे असतं त्याची जबाबदारी माझी. तुमचे पंप हायत, तसा आता हा हाय. पोलीस येईपर्यंत कुणी हात लावायचा नाय."

मग त्यांनी जे केलं ते मी अजूनही शाळेत मुलींना सांगते. त्यांनी बाळाच्या हातातला कोयता काढून घेतला आणि म्हणाल्या, भावोजी, तुमची सायकल सगळ्यांत वेगात जाते, चौकीवर जा. जो सगळ्यांत जास्त भडकलेला होता त्यालाच त्यांनी पोलीस आणायला पाठवलं. तो क्षणभर उभा राहिला, आणि गेला. बाकीच्यांना म्हणाल्या, भिजताय कशाला, ओटीवर बसा. मला म्हणाल्या, बाई, चहा टाका, वीस कप तरी होईल.

मी चहा टाकला. साखर संपली, गूळ घातला. काठ्या आणि वल्ही कोपऱ्यात उभी राहिली आणि माणसं ओटीवर बशीतून चहा पिऊ लागली. एकाने आपली जाळी कशी गेली ते सांगितलं, दुसऱ्याने हसवलं. चहा प्यायल्यावर माणसाला कुणाला मारायला उठणं जड जातं.

त्यांचं पिणं चाललेलं असताना वहिनी गॅरेजमध्ये गेल्या, मला बरोबर घेऊन. तो कोपऱ्यात बसला होता. पंचविशीचा असेल. त्याचं नाव सदू, हे नंतर कळलं. पूर्वी कुठल्याशा बंदरात बोटीवर इंजिन पुसायला होता, म्हणूनच पंपांची किंमत त्याला ठाऊक. वहिनींनी लाकडी खोक्याच्या दोन पट्ट्या घेतल्या, जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि त्याचा मोडलेला हात सरळ बांधून दिला. बांधताना तो ओरडला तेव्हा म्हणाल्या, "ओरड. ह्यांच्या डोक्यात पहार बसली असती तर त्यांना ओरडायला पण मिळालं नसतं." त्याने मान खाली घातली.

फौजदार आले तेव्हा त्यांना पट्ट्या बांधलेला चोर, बंद दार आणि चहा पिणारा जमाव असं दृश्य दिसलं. त्यांनी जबान्या घेतल्या. जाताना वहिनींना नमस्कार केला.

सदूच्या सांगण्यावरून हातगाडीवाला दोन दिवसांत सापडला, आणि त्याच्यामागून एका लांबच्या गावच्या भंगारवाल्याच्या गोदामात जूनमधल्या चार पंपांतले तीन. रविवारी एकही पंप गेला नव्हता. फुटलेली कौलं बाळाने एका दिवसात शाकारली आणि पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळपर्यंत सगळे पंप आपापल्या बोटींवर चढले. आप्पा नाखवे पाखाडी चढून आले. ह्या वेळी ओटीवर बसले, आत्मारामभाऊंच्या शेजारी, आणि म्हणाले, "माझं तोंड वाईट, आत्माराम." भाऊ म्हणाले, इंजिन कसं आहे तुमचं? एवढ्यावर ते मिटलं.

खटला उभा राहायला वर्ष गेलं. पंच्याऐंशीच्या नोव्हेंबरात वहिनींची साक्ष निघाली. मी रजा काढून गेले. आरोपीचे वकील हुशार होते. त्यांचं म्हणणं असं, की माझ्या अशिलाला आधी कोंडलं, मग मारून हात मोडला, हा बचाव नव्हे, ही क्रूरता आहे. आणि ह्या बाईंनी आधी दाराला विजेची तार लावली होती, ह्यावरूनच मनातला हेतू दिसतो.

"लावली होती की नाही?" त्यांनी विचारलं.

"लावली होती. शेळी मेली. त्याच दिवशी काढली."

"का काढलीत?"

"चूक होती म्हणून."

वकील जरा अडखळले. कबूल करणाऱ्या माणसाला पुढे काय विचारायचं? मग त्यांनी किती वेळा मारलंत म्हणून विचारलं. एकदा, वहिनी म्हणाल्या.

"दुसऱ्यांदा पाना उगारला होतात की नाही?"

हे मी एकटीनेच पाहिलं होतं आणि पोलिसांना सांगितलं नव्हतं. सदूने सांगितलं असणार. वहिनी सहज नाही म्हणू शकल्या असत्या.

"उगारला होता."

कोर्टात कुजबूज झाली. "मग मारला का नाहीत?"

"त्याच्या हातातली पहार खाली पडली होती. आता मारला तर तो माझा राग, असं वाटलं. म्हणून हात खाली घेतला."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. वकिलांनी आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पण त्यांच्या आवाजात पहिला जोर राहिला नव्हता. मग पंप टेबलावर मांडले गेले. जूनमध्ये गेलेल्यांवर नंबर नव्हते, पण आत्मारामभाऊंनी ते एकेक करून हातात घेतले आणि कुठल्या पंपाच्या कुठल्या बोल्टाची धार आपण कशी तासली होती ते सांगितलं. उघडून पाहिलं तेव्हा तसंच निघालं.

निकाल डिसेंबरात लागला. दोघांना शिक्षा झाली, भंगारवाल्यालाही. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की सदर महिलेने पतीचा जीव वाचवण्यासाठी आवश्यक तेवढंच बळ वापरलं, धोका टळताच ती थांबली, आणि इतकंच नव्हे तर जमावापासून आरोपीचंही रक्षण केलं. फौजदारांनी तेवढा भाग टाइप करून आणून दिला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. वहिनींनी दोनदा वाचायला लावला आणि मग विचारलं, सदर म्हणजे मीच ना?

त्या संध्याकाळी घरात माणूस मावत नव्हता. खालून बोटवाल्यांनी सुरमई पाठवली होती, आप्पांनी स्वतः नारळ आणले होते. चिमाकाकी खोबरं वाटायला बसली. बाळा, जो एरवी कुणाचं कौतुक करत नाही, आलेल्या प्रत्येकाला वहिनी दाराला पाठ लावून कशा उभ्या राहिल्या ते करून दाखवत होता, आणि दर वेळी आपल्या हातचा कोयता थोडा मोठा करत होता. आत्मारामभाऊ झोपाळ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत होते. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. वहिनींनी सगळ्यांना वाढलं आणि शेवटी आम्ही दोघी बसलो. त्यांनी भात दोनदा घेतला, तिसऱ्यांदा घेतला, आणि घास हातात धरून त्या वकिलांची नक्कल करायला लागल्या, चष्मा नाकावर ढकलत, "मग मारला का नाहीत, मारला का नाहीत," आणि स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला आणि मला पाणी द्यावं लागलं.